बातम्यांची निवड वाचकाच्या हाती : फीड रीडरची मांडणी

स्मार्टफोनवरील अनेक वृत्त-अ‍ॅपमध्ये कोणती बातमी वर दिसावी हे अल्गोरिदम, म्हणजे पूर्वीच्या वाचनावरून आवड ताडणारी गणिती पद्धत, ठरवत असते. फीड रीडर या प्रकारच्या अ‍ॅपमध्ये मात्र स्रोतांची निवड वाचक स्वतः करतो.

या अ‍ॅपचा पाया म्हणजे १९९९ मध्ये नेटस्केपने आणलेली आरएसएस पद्धत होय; तीत संकेतस्थळ आपल्या नव्या लेखांची शीर्षके आणि दुवे यांची यादी, म्हणजेच फीड, ठरावीक साच्यात प्रसिद्ध करते आणि अ‍ॅप ती वेळोवेळी तपासून नवे लेख वाचकापुढे ठेवते.

मांडणी करताना प्रथम मोजकेच स्रोत जोडून त्यांचे शेती, अर्थकारण, साहित्य असे विषयवार फोल्डर करावेत, त्यानंतर अनावश्यक सूचना, म्हणजे नोटिफिकेशन, बंद कराव्यात आणि देवनागरीतील मात्रा व जोडाक्षरे स्पष्ट दिसतील इतका अक्षरांचा आकार वाढवावा.

गूगल रीडर ही फीड वाचण्याची लोकप्रिय सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली, यावरून एकाच सेवेवर विसंबण्यातील धोका लक्षात येतो. म्हणून स्रोतांची यादी ओपीएमएल फाइलमध्ये, म्हणजे एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात नेता येणाऱ्या स्वरूपात, जतन करणे हिताचे ठरते.

फीड सर्वच संकेतस्थळे देत नाहीत. तरीही जिथे ती उपलब्ध आहे तिथे वाचकांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.