सीमाप्रश्नावर भांडताना: मोबाइलवरचे समज आणि कागदावरची वस्तुस्थिती

दरवर्षी १ नोव्हेंबर जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणी या नावांवरून मोबाइलवर जुंपते. कर्नाटकात त्या दिवशी राज्योत्सव असतो. सीमाभागातला मराठी माणूस तोच दिवस काळा दिवस म्हणून पाळतो. मग एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे पुण्याहून, बंगळुरूहून, आखाती देशांतून एकमेकांचा उद्धार करू लागतात. वाद घालू नये असे मी म्हणणार नाही. हा भाग कर्नाटकात असावा की महाराष्ट्रात, या १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून लोंबकळत असलेल्या प्रश्नावर लोकांनी बोललेच पाहिजे. पण या वादात दोन्हीकडून जी वाक्ये ठणकावून फेकली जातात, त्यांतली बरीचशी चुकीची असतात. त्यात मराठी बाजूचे नुकसान अधिक होते, कारण आपला दावा कागदपत्रांवर उभा आहे. तो चुकीच्या मुद्द्यावर मांडला की समोरच्याला खरा मुद्दा टाळायची आयती सोय होते.

कन्नड बाजूकडून हमखास येणारे वाक्य म्हणजे ‘महाजन आयोगाने निकाल दिला आहे, विषय संपला.’ मेहरचंद महाजन हे भारताचे माजी सरन्यायाधीश. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर केंद्राने ऑक्टोबर १९६६ मध्ये त्यांचा एकसदस्यीय आयोग नेमला आणि १९६७ मध्ये अहवाल आला. परंतु आयोग शिफारस करतो, निकाल देत नाही. राज्याची हद्द बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे आणि या अहवालावर संसदेने आजवर कोणताही कायदा केलेला नाही.

अहवालात काय आहे, हे तर भांडणारे क्वचितच पाहतात. बेळगाव शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्यातच राहावे, असे महाजनांनी म्हटले हे खरे. त्याच अहवालात २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असेही म्हटले आहे, आणि त्यांत निपाणी, खानापूर, नंदगड येतात. उलट महाराष्ट्रातली जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातली गावे धरून २४७ गावे म्हैसूरला द्यावीत आणि केरळमधला चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा कासरगोडचा भागही त्याच राज्याला जोडावा, अशीही शिफारस आहे. म्हणजे ‘महाजन अहवाल जसाच्या तसा लागू करा’ असे म्हणणाऱ्याने निपाणी आणि खानापूर सोडायची तयारी ठेवली पाहिजे. शेजारच्या केरळलाही ते पटवावे लागेल.

आपल्याकडचा गैरसमज याच्या उलटा आहे. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला तो केवळ बेळगाव मिळाले नाही म्हणून, असे अनेक मराठी लोकही समजतात. महाराष्ट्राचा आक्षेप कसोटीवर होता. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमावादात ह. वि. पाटसकर यांनी गाव हा घटक धरून, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता पाहून तोडगा काढला होता आणि तो अमलातही आला. तीच कसोटी इथे लावा, ही महाराष्ट्राची मागणी. महाजनांनी सर्व ठिकाणी एकच कसोटी लावली नाही, असा आक्षेप होता आणि आजही आहे. कोणी ‘तुम्ही आयोग मागितलात, मग मानला का नाहीत?’ असे विचारले, तर उत्तर देण्याजोगा मुद्दा हाच आहे. शिवी हे त्याचे उत्तर नव्हे.

आकड्यांवरून होणाऱ्या भांडणाचे मूळही याच कसोटीत आहे. एक जण लिहितो, ‘जनगणना बघा, बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषक जेमतेम पाचवा हिस्सा.’ दुसरा लिहितो, ‘बेळगाव, खानापूर तालुक्यांत हिंडून बघा, गावेच्या गावे मराठी.’ दोघेही एकमेकांना खोटारडे म्हणतात आणि दोघांचेही म्हणणे खरे असते. बेळगाव जिल्हा अफाट आहे. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग, अथणी धरून मोजले की कन्नड भाषकांची मोठी बहुसंख्या होणारच. महाराष्ट्राने अख्खा जिल्हा कधी मागितलेलाच नाही. दावा आहे तो बेळगाव, कारवार, बिदर, गुलबर्गा या भागांतल्या ८६५ गावांचा. तेव्हा आकडे फेकण्याआधी समोरच्याला विचारावे, की तुम्ही जिल्हा मोजता, तालुका मोजता की गाव? निम्मा वाद तिथेच मिटतो. उरलेला अर्धा वाद खरा आहे: घटक कोणता धरायचा? १९५६ मध्ये या जिल्ह्यातून चंदगड तालुका वेगळा काढून मुंबई राज्यात ठेवला गेला आणि आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. जिल्हा फोडता येत नाही, असे म्हणणाऱ्याला हे उदाहरण पुरेसे आहे.

‘विधानसभेने ठराव केला, आता बेळगाव आपले’ ही भाषा डिसेंबर २०२२ मध्ये दोन्हीकडून ऐकू आली. २२ डिसेंबरला कर्नाटकच्या विधानसभेने एक इंचही जमीन देणार नाही असा ठराव केला. २७ डिसेंबरला नागपूर अधिवेशनात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ८६५ गावांतली इंच न् इंच जमीन मिळवण्याचा ठराव एकमताने केला. दोन्ही ठरावांना राजकीय वजन आहे, पण त्यांनी हद्द तसूभरही हलत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ नुसार सीमा बदलण्याचे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीने संसदेत येते. संबंधित राज्यांच्या विधिमंडळांचे मत मागवले जाते, मात्र ते मत संसदेवर बंधनकारक नसते. म्हणजे ‘कर्नाटकाने नकार दिला की काहीच होऊ शकत नाही’ हेही खरे नाही. निकाल लागेपर्यंत हा भाग केंद्रशासित करावा, अशी मागणी उद्धव ठाकरे यांनी त्याच अधिवेशनात केली होती. तोही मार्ग संसदेतूनच जातो.

मग सर्वोच्च न्यायालयात काय चालले आहे? महाराष्ट्राने २००४ मध्ये अनुच्छेद १३१ खाली मूळ दावा दाखल केला. राज्य आणि केंद्र किंवा राज्य आणि राज्य यांच्यातले वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याची ही तरतूद आहे. सीमा ठरवणे हे संसदेचे काम, न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, हा कर्नाटकाचा मुख्य आक्षेप. वीस वर्षे उलटून गेली, अजून निकाल नाही. निकाल लागलाच तर दुसऱ्या दिवशी निपाणीच्या बसस्थानकावरची पाटी बदलेल, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे: न्यायालयाने १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातली चूक मान्य केली, तरी नवी रेषा आखायला संसदेचीच गरज लागेल. म्हणून वकिलांची फौज उभी करणे जितके आवश्यक, तितकेच दिल्लीतल्या खासदारांनी हा विषय धरून ठेवणे आवश्यक. रात्री दोन वाजता अनोळखी माणसाशी भांडणाऱ्या किती जणांनी आपल्या खासदाराला या विषयावर एक पत्र लिहिले आहे, हा प्रश्न मला मनापासून विचारावासा वाटतो.

निवडणुकीचा मुद्दा थोडक्यात. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ मध्ये दोन आमदार निवडून आले, २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. त्यावरून ‘मराठी माणसालाच आता सीमाप्रश्न नको’ असा निष्कर्ष काढला जातो. पण २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला एक लाखाहून जास्त मते पडली. समितीतली फूट, राष्ट्रीय पक्षांनी दिलेले मराठी उमेदवार, रस्ते, पाणी, शेती या सगळ्यांचा मतदानावर परिणाम होतो. विधानसभेचे मत हा सार्वमताचा कौल नव्हे.

निपाणीकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग अडवला. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शेतकऱ्यांचे बळी गेले. तिथे बसलेल्यांची मागणी तंबाखूच्या दराची होती, आणि त्या दरासाठी मराठी आणि कन्नड बोलणारे दोघेही रस्त्यावर आले होते. सीमाभागातल्या माणसाला फक्त भाषेचा प्रश्न आहे असे बाहेरच्यांना वाटते, ते चूक आहे. त्याला भाषेचा प्रश्न आहेच, शिवाय शेतमालाच्या भावाचाही आहे.

आता या वादांतल्या सर्वांत घातक समजाकडे येतो: ‘व्हिडिओ डोळ्यांनी पाहिला, ट्वीट स्वतः वाचले, म्हणजे खरे.’ नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या गावांवर हक्क सांगण्याची भाषा केली. ती त्यांनी पत्रकारांसमोरच केली होती. जत तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या ज्या ठरावाचा आधार घेतला तो जुना होता आणि त्यामागे दुष्काळी गावांची पाण्याची तहान होती, ही गोष्ट गदारोळात मागे पडली. ६ डिसेंबरला बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी नाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत समोरासमोर बसवले. बैठकीनंतर त्यांनी सांगितले की बड्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनीही भावना भडकवल्या आणि त्यांवर गुन्हे नोंदवले जातील. दोन्ही राज्यांचे तीन-तीन मंत्री मिळून समिती करण्याचेही तेव्हाच ठरले. खरे विधान, अर्धवट संदर्भ आणि बनावट खाते अशा तिन्ही गोष्टी काही आठवड्यांत एकाच पडद्यावर येतात, आणि त्या वेगळ्या करणे हे वाचणाऱ्याचे काम असते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावी-बाळेकुंद्री भागात कर्नाटकच्या बसच्या वाहकाला भाषेच्या कारणावरून मारहाण झाल्याचे प्रकरण असेच पेटले. कर्नाटकातल्या चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या बसचालकाला काळे फासण्यात आले. दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस सीमेपलीकडे जाईनात. कोल्हापूरच्या दवाखान्यात निघालेला निपाणीचा रुग्ण, बेळगावच्या बाजाराला येणारा चंदगडचा शेतकरी, सीमेपलीकडच्या कॉलेजात शिकणारी मुले यांना त्याची झळ बसली. ज्यांनी दूर बसून तो व्हिडिओ शेकडो लोकांना पाठवला, त्यांची एकही बस चुकली नाही. सुळेभावी हे कुमार गंधर्वांचे जन्मगाव. कन्नड घरात जन्मलेल्या त्या गायकाने मराठी अभंग घराघरांत पोहोचवले. त्याच गावाचे नाव देशभर मारहाणीमुळे फिरावे, याचे मला फार वाईट वाटते.

‘कन्नडिगांच्या मनात मराठीबद्दल द्वेषच भरलेला आहे’ हा समज अशाच व्हिडिओंतून तयार होतो. त्यांच्याकडेही आपल्याबद्दल नेमका असाच समज तयार होतो. डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठातल्या अलेक्झांडर बोर आणि मायकेल पीटरसन यांनी राजकीय वादांतल्या शत्रुत्वाचा अभ्यास केला आणि तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सभ्य माणसे मोबाइल हातात येताच असभ्य होतात, या समजाला त्यांना पुरेसा आधार सापडला नाही. जे तिथे आक्रमक असतात ते बहुधा बाहेरही आक्रमकच असतात, फक्त इंटरनेटवर ते सर्वांना दिसतात. दहा शिवराळ माणसे म्हणजे कर्नाटक नव्हे, आणि आपल्यातली दहा म्हणजे महाराष्ट्र नव्हे.

वादाने कोणाचे मत बदलतच नाही, हेही पूर्ण खरे नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एका चर्चास्थळावरच्या हजारो वादांची छाननी केली. समोरच्याने न वापरलेले नवे मुद्दे आणि नवे शब्द आणणाऱ्यांचा युक्तिवाद अधिक पटतो, असे त्यांना दिसले. चार-पाच उत्तरांची देवाणघेवाण झाल्यावर मत बदलण्याची शक्यता मात्र जवळजवळ संपते. विसाव्या उत्तरापर्यंत ताणणाऱ्यांनी हे वाचावे.

‘कलम ६६ अ रद्द झाले, आता काहीही लिहा’ हा समज तरुणांना महागात पडू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, हे बरोबर. पण भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ लागू आहे. धर्म, वंश, जन्मस्थान, निवास किंवा भाषा यांवरून गटांत वैर पसरवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. सरकारच्या धोरणावर कितीही कठोर टीका करावी. ‘अमुक भाषेच्या लोकांना हाकला’ ही त्या टीकेची जात नाही.

‘बेळगावात मराठीला बंदी आहे’ असेही सर्रास लिहिले जाते. बंदी नाही. मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, ‘तरुण भारत’ निघतो, गणेशोत्सव आणि शिवजयंती धूमधडाक्यात होतात. फलकांचा नियम असा की साठ टक्के जागा कन्नडला द्यावी. उरलेल्या जागेत मराठी लिहिता येते. महाराष्ट्रातही मराठी पाट्यांची सक्ती आहे, हे समोरचा लगेच दाखवून देतो आणि तिथे आपला युक्तिवाद कोसळतो. खरी तक्रार याहून नेमकी आणि याहून भक्कम आहे. १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० अ आणि ३५० ब आले. पहिल्यात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे, दुसऱ्यात भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी, म्हणजेच आयुक्त, नेमण्याची तरतूद आहे. तालुका, नगरपालिका अशा क्षेत्रात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा अधिक असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, असे केंद्र आणि राज्यांमध्ये मान्य झालेले धोरण आहे. बेळगाव आणि खानापूर तालुके या अटीत सहज बसतात. तरीही जमिनीचे उतारे आणि परिपत्रके मराठीतून मिळावीत म्हणून वर्षानुवर्षे निवेदने द्यावी लागतात.

या मागणीसाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. गाव कोणत्या राज्यात असावे, याचे उत्तर त्यात गृहीत धरावे लागत नाही. कन्नड भाषकालाही ती नाकारणे अवघड आहे, कारण याच तरतुदींचे संरक्षण सोलापूर आणि अक्कलकोटच्या कन्नड कुटुंबांना, कासरगोडच्या कन्नड शाळांना मिळते. बेळगाव तालुक्यातल्या एखाद्या पंचायतीने मराठी सूचनांसाठी ठराव केला, तर त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांबरोबर भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांकडेही पाठवता येते. आयुक्तांचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेसमोर ठेवले जातात.