घरगुती मामला नव्हे, गुन्हा!

“हा तुमचा घरगुती मामला आहे, आपसांत मिटवा.” नवऱ्याचा मार खाऊन ठाण्यात गेलेल्या भगिनीला हे वाक्य अनेकदा ऐकावे लागते. तिने फारच आग्रह धरला तर साध्या दुखापतीचे कलम लावून एन.सी. नोंदवली जाते. बाईला वाटते, केस झाली. पण एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपासही करू शकत नाहीत. नवरा मात्र काय ते समजतो आणि हात अधिक सैल सोडतो.

असे कागद घेऊन महिला आमच्याकडे येतात. आम्ही पडलो कारकून माणसे; आधी कलम पाहतो. विवाहितेच्या छळाचे ४९८-अ कलम १९८३ साली आले. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत ८५ व ८६ झाले. जिवाला, शरीराला वा मनाच्या आरोग्याला गंभीर धोका पोचवणारा छळ किंवा पैशासाठी केलेला जाच, यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पीडितेने किंवा तिच्या नातलगाने खबर दिली की हा गुन्हा दखलपात्र ठरतो.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत सरसकट अटक करू नये, असे बजावले. त्याचा अर्थ तक्रारच घेऊ नये, असा मुळीच नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ तर पोलिसांवर कर्तव्यच टाकतो: संरक्षण आदेश, संरक्षण अधिकारी, मोफत वकील आणि फौजदारी तक्रारीचा हक्क यांची माहिती बाईला दिलीच पाहिजे.

पोलीस खात्याला हे जमत नाही असेही नाही. १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्ती बसू लागली. पुढे असे कक्ष राज्यात इतरत्रही निघाले.

तेव्हा भगिनींनो, ठाण्यात एकट्या जाऊ नका. मंडळाच्या दोघी-चौघी सोबत न्या. आधी सरकारी दवाखान्यात जखमांची नोंद करा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते, ती मागा. ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांकडे टपालाने अर्ज पाठवा. तिथेही दाद न लागली तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जा. आणि शेजाऱ्यांनो, भिंतीपलीकडून किंकाळी आली तर ११२ फिरवा. बाई मेल्यावर पंचनाम्याला उभे राहण्यापेक्षा ते बरे.