जोत्यापासून आढ्यापर्यंत : कोकणातले जुने घर विकत घेण्यापूर्वी

'घर पाहावे बांधून' ही म्हण घर बांधणाऱ्यासाठी आहे. दुसऱ्याने बांधलेले, ऐंशी-शंभर पावसाळे काढलेले घर विकत घेणाऱ्यासाठी एखादी म्हण माझ्या ऐकण्यात नाही. असे व्यवहार पूर्वी फारसे होत नसत, हे त्याचे कारण असावे. गावातले घर वारशाने मिळे, भाऊबंदांत वाटले जाई किंवा ओसाड पडे. विकले क्वचितच जाई. आता चित्र बदलले आहे. मुंबई-पुण्यातली माणसे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या वाड्यावस्त्यांवर कौलारू घरे शोधत येतात. बांधकाम अभियंता म्हणून अशा घरांची पाहणी करण्याचे काम गेली बरीच वर्षे मी करतो आहे. त्या कामातून जे कळले ते इथे मांडतो.

घर घेणारा माणूस कागद तपासतो, आणि ते योग्यच आहे. सातबारा, मिळकत पत्रिका, सामायिक हिस्सेदारांच्या सह्या, कुळाची नोंद या गोष्टी वकिलाकडून पाहून घ्याव्यातच. घरपट्टी नावावर आहे म्हणजे जागा नावावर आहे असे होत नाही, हेही लक्षात ठेवावे. पण कागदांवर महिनाभर घालवणारा माणूस प्रत्यक्ष घर मात्र दिवाळीच्या सुट्टीत अर्ध्या तासात पाहतो. ओटीवर बसतो, चहा घेतो, लाकडी खांबावरून हात फिरवतो आणि मनाने ते घर विकत घेऊन टाकतो. बँकेने कर्ज दिलेच, तर तिचा माणूस मूल्यांकन करून जातो. मूल्यांकन म्हणजे घराची किंमत. घराची प्रकृती नव्हे. ब्रिटनमध्ये 'रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स' या संस्थेने घरपाहणीच्या तीन पायऱ्या ठरवल्या आहेत आणि जुन्या किंवा बरेच फेरफार झालेल्या घरासाठी तिसरी, सर्वांत तपशीलवार पायरी सुचवली जाते. आपल्याकडे अशी रूढ पद्धत नाही. म्हणून ती ज्याची त्याने लावून घ्यायची असते.

या पाहणीचे सार एका वाक्यात सांगायचे तर पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि कुठून बाहेर जाते हे पाहायचे. कोकण किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कुठे त्याहूनही जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. इथले जुने घर हे मुळात त्या पाण्याशी केलेला करार आहे. तो करार कुठे मोडला गेला आहे, हे शोधणे म्हणजे पाहणी.

आधी डोंगर, मग घर

म्हणून मी घरात शिरण्यापूर्वी घराच्या मागे चढून जातो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये इथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. भिंती कितीही धड असल्या तरी जागाच धोक्याची असेल, तर पुढची पाहणी व्यर्थ आहे. वरच्या उतारावर जमिनीला भेगा आहेत का, झाडांची खोडे एकाच बाजूला कलली आहेत का, नव्याने झरे फुटले आहेत का, रस्त्यासाठी किंवा बागेसाठी डोंगराचा पाय कापला आहे का, हे पाहावे. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे की मोठ्या पुरात पाणी कुठपर्यंत आले होते. ही खूण कुठल्याही नकाशापेक्षा खरी असते.

मग घराभोवती फेरी मारावी. डोंगराकडच्या बाजूला पाणी अडवून वळवणारा चर असतो. तो बुजला असेल तर सगळे पाणी मागच्या भिंतीला टेकते. पागोळ्या जिथे पडतात ती रेघ भिंतीपासून किती दूर आहे ते पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंगणाची उंची. जोते अंगणापासून हात-दीड हात उंच का ठेवले होते, याचा विसर पडून अनेक ठिकाणी अंगणात भर घालून पेव्हर ब्लॉक बसवले गेले आहेत. दर थराने अंगण वर येते आणि जोते बुडते. पाण्याच्या नळीने पातळी काढली की बाहेरची फरशी आतल्या जमिनीइतकी आल्याचे दिसते. अशा घराच्या भिंती ओल्या असण्यासाठी वेगळे कारण शोधावे लागत नाही.

भिंत

इथल्या बहुतेक भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या. फ्रान्सिस बुकाननने १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तान्तात मलबारातल्या या दगडाला 'लॅटराइट' म्हटले; लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. नाव नेमके आहे, कारण हा दगड खाणीत मऊ असतो, सहज कापला जातो आणि हवेवर येऊन टणक होतो. पण तो सच्छिद्र असतो. पाणी पितो आणि ऊन मिळाले की सोडून देतो. जुन्या गवंड्यांनी चिरे मातीत किंवा चुन्यात बसवले; किनाऱ्यालगत हा चुना शिंपल्यांपासूनही भाजत. माती आणि चुना दोन्ही ओल बाहेर जाऊ देतात.

सिमेंटचा गिलावा ती जाऊ देत नाही. बाहेरून भिंत कोरडी, गुळगुळीत दिसते. आत मात्र पाणी कोंडते, मातीच्या दर्जा मऊ पडतात आणि ओल वर चढत जाते. म्हणून बोटाच्या पेराने किंवा लाकडी हातोडीने भिंत वाजवावी. पोकळ आवाज आला की गिलाव्याने भिंत सोडली आहे असे समजावे. लोणा लागलेला असेल, तर तो जमिनीपासून किती उंच पोचला आहे हे मोजून लिहावे. मालकाने परवानगी दिली तर दोन ठिकाणी गिलावा खरवडून आतला चिरा पाहावा. परवानगी दिली नाही, तर तसे अहवालात नोंदवावे.

ओळंबा सोडला की भिंत कुठे कलली ते दिसते. तड्यांना घाबरू नये, ते वाचावेत. दरवाजाच्या वरचा बारीक तडा बहुधा जुना आणि शांत असतो. वरच्या बाजूला रुंद होत जाणारा कोपऱ्यातला तडा सांगतो की भिंतीचे ते टोक खचते आहे किंवा बाहेर कलते आहे. तडा अजून चालू आहे का, हे कळण्यासाठी त्याच्या दोन्ही कडांना काचेची पातळ पट्टी चिकटवून वर तारीख लिहितात. काच फुटली तर भिंत हलते आहे. तड्यात धूळ, कोळिष्टके, जुना रंग असेल तर तो बऱ्याच काळापासून तसाच आहे.

जांभ्याऐवजी काळ्या दगडाची जाड भिंत असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मराठवाड्यातली दगडमातीची घरे कोसळली. तिथल्या जाड भिंतींचे बाहेरचे आणि आतले असे दोन पदर होते, मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही पदर जोडणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. धक्का बसला तसे पदर सुटले. कोकण हा वेगळा प्रदेश असला, तरी ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप इथून दूर झाला नव्हता. भिंत मध्येच फुगलेली दिसली, तर पदर सुटू लागल्याची ती खूण असते.

लाकूड

साग, फणस, ऐन, किंजळ, शिवण. जुन्या घरात बहुधा यांतलीच लाकडे असतात आणि कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही ती धड असतात. लाकडाच्या मधल्या भागाकडे सगळेच पाहतात. कुजते ते टोक. तुळईचे भिंतीत गेलेले टोक, खांबाचा तळ, वळचणीपाशी आलेला वासा या तीन जागी टोच्याने टोचून पाहावे. चांगले लाकूड टोच्याला अडवते, कुजलेले आत घेते. ओलावा मोजणारे मीटर मिळते. लाकडात वीस टक्क्यांहून अधिक ओलावा टिकून राहिला, तर बुरशीला पोषक स्थिती तयार होते.

वाळवीच्या मातीच्या नळ्या सर्वांना दिसतात. त्या मोडून आत किडे जिवंत आहेत का ते पाहावे. भुंग्याने पाडलेली भोके दिसली, तर खाली पडलेला भुगा पाहावा. तो ताजा, फिकट असेल तर काम चालू आहे. मळकट असेल तर बहुधा जुने आहे. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही, पण बाहेरचे फिकट लाकूड खाते. त्यामुळे बाहेरून भयंकर दिसणारी तुळई आतून मजबूत निघू शकते. चुलीचा धूर आणि ऊब यांनी माजघरावरचे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या कोरडे ठेवले होते. चूल विझली, घर बंद राहू लागले आणि त्या लाकडाची राखण संपली.

छप्पर

घर फिरले की वासेही फिरतात, ही म्हण पाहणीच्या वेळी शब्दशः खरी ठरते. माळ्यावर चढावे आणि दिवसा अंधारात उभे राहून वर पाहावे. कौलांतून येणारे उजेडाचे ठिपके मोजावेत. वाशांवर आणि रिपांवर पाण्याचे काळे ओघळ कुठून निघून कुठे पोचतात ते पाहावे. बाहेरून आढ्याची रेघ पाहावी. ती मध्येच झोळीसारखी लवली असेल, तर खालचा एखादा आधार गेला आहे. खोली मोठी करण्यासाठी कुणी आडवी तुळई कापली आहे का, हे विचारावे. ती कापली की वासे भिंतींना बाहेर ढकलू लागतात.

मंगलोरी कौलांची परंपरा १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला काढलेल्या कारखान्यापासून सुरू होते. कौलाच्या पोटावर कारखान्याचे नाव असते. त्यावरून घराचे वय मात्र सांगू नये, कारण कौले एका घरावरून दुसऱ्या घरावर जात आली आहेत. विचारायचा खरा प्रश्न असा, की शेवटची शाकारणी कधी झाली? माकडांनी सरकवलेले एक कौल दोन पावसाळे तसेच राहिले तरी तुळईचे टोक जाते. कौलांवर पत्रा चढवलेला असेल, तर तो कशाला धरून आहे ते पाहावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर असे किती पत्रे उडाले, ते तिथल्या लोकांना विचारावे.

जुन्या घराला मागून जोडलेले स्लॅबचे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर हा शेवटचा मुद्दा. कौलांचे वजन चौरस मीटरला चाळीसएक किलो. सव्वाशे मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे तीनशेहून अधिक. मातीच्या दर्जांच्या भिंतीवर हे ओझे टाकले असेल, तर प्रश्न गंभीर आहे. नवे बांधकाम वेगळ्या पायावर असेल, तर जोडावर तडा जाणारच, आणि त्यातून पाणीही आत येते.

दोन घरे

राजापूर तालुक्यातले एक घर मला दाखवले गेले ते ताज्या रंगाचे, सिमेंटचा गिलावा, आत चकचकीत लाद्या, अंगणात पेव्हर. घेणारे निवृत्त शिक्षक जोडपे. भविष्यनिर्वाह निधीची बरीचशी रक्कम त्यात जाणार होती. जोते पूर्ण बुडाले होते. मागच्या भिंतीतल्या पाच तुळयांपैकी तिघींच्या टोकांत टोच्या मुठीपर्यंत गेला. शेणाने सारवलेल्या जमिनीतून उडून जाणारी ओल लाद्यांखाली अडून भिंतींकडे वळली होती. दुरुस्तीचा अंदाज ठरलेल्या किमतीच्या निम्म्यावर गेला. त्यांनी तो व्यवहार सोडला.

त्यांनीच पुढे दाखवलेले दुसरे घर पाहताच गावकरी म्हणाले, "पाडून टाका, नवीन बांधा." पडवी बसली होती, कौलांवर शेवाळ, आत वटवाघळे. पण जोते मोकळे होते, खांब दगडी बैठकीवर कोरडे उभे होते, भिंती ओळंब्यात होत्या, फणसाच्या तुळया टोच्याला दाद देत नव्हत्या. खराब होता तो पडवीचा सांगाडा, एक कोनवासा आणि बऱ्याचशा रिपा. ते घर त्यांनी घेतले आणि आज ते त्यात राहतात. पाहणी झाली नसती, तर पहिल्या घरात त्यांचे पैसे बुडाले असते आणि दुसरे घर एका आठवड्यात जेसीबीखाली गेले असते. जुनी घरे भोळेपणाने घेतली जातात तितकीच ती भीतीने पाडली जातात. पाहणी ही दोन्ही नुकसाने टाळते.

अहवाल

अभियंता किंवा जुन्या इमारतींचे काम जाणणारा वास्तुविशारद नेमावाच, पण त्याच्यासोबत गावचा सुतार आणि गवंडी असावेत. पाहणी शक्य तर दोनदा करावी, एकदा मे महिन्यात, एकदा श्रावणात. मे महिन्यात विहिरीचे पाणी कळते, श्रावणात छपराचे. अहवालात घराचा मोजून काढलेला आराखडा, प्रत्येक दोषाचा फोटो, त्याचे कारण आणि खर्चाचा अंदाज असावा. दोषांची विभागणी तीन भागांत करावी : लगेच करायचे, पुढच्या पावसाआधी करायचे, आणि नुसते लक्ष ठेवायचे. 'भिंतीला ओल आहे' हे वाक्य अहवालात पुरेसे नाही. ओल कुठून आली, हे लिहिले नसेल तर पैसे पुन्हा गिलाव्यावरच जातात.

घर घेतल्यावर पहिला पावसाळा काही तोडू नये. शाकारणी करावी, चर मोकळे करावेत, अंगण खाली घ्यावे आणि घर कसे वागते ते पाहावे. अनेक भिंती एवढ्यानेच सुकतात. अहवालाची एक प्रत घरातल्या पेटीत ठेवावी आणि दर वर्षीच्या शाकारणीची तारीख त्यात लिहीत जावी. आपल्यानंतर ते घर ज्याच्या हाती जाईल, त्याला कागदपत्रांइतकाच या नोंदींचा उपयोग होईल.