प्ले-एरिया नाही? राजापूर आहे ना!

मे महिना, दोन वर्षांचं पिल्लू आणि सासरचं राजापूर. ना मॉल, ना प्ले-एरिया! तिसऱ्या दिवशी कार्टून्सचाही कंटाळा येतो. मग सरळ उन्हाळे गाठा. इथला गरम पाण्याचा झरा बारमाही. आधी स्वतःचा हात घालून बघा, मगच छोटे पाय बुडवा. स्वारी बाहेर यायला तयार होत नाही. जवळचीच गंगा मात्र भलतीच मूडी! साधारण तीन वर्षांनी अवतरते, तेही तिच्या मर्जीनं. नसली तरी 14 कुंडं मोजायची. (आमच्याकडे चारनंतर थेट दहा येतात.) धोपेश्वरला धूतपापेश्वराच्या देवळाजवळचा धबधबा पावसाळ्यात झकास, पण दगड निसरडे. तिथे पिल्लू कडेवरच! आणि हो, राजापूर रोड स्टेशन गावापासून बरंच लांब आहे. बिस्किटांचा एक पुडा रिक्षासाठी राखून ठेवा.