शिकत्या मुलाचे आईस पत्र

कराडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. घरची गरिबी इतकी की, पुण्यात शिकताना एकच सदरा रात्री धुऊन सकाळी अंगात घालीत. मुलगा शिकला की मोठा पगार आणील, ही आईची आशा. म्हणून डेक्कन कॉलेजात असतानाच त्यांनी तिला पत्राने कळवले, की पोटापुरते मिळवीन आणि बाकीचा वेळ लोकांसाठी वेचीन.

तो शब्द त्यांनी पाळला. पण बुद्धीला पटेल तेच मानायचे, या हट्टाची किंमतही मोजली. कॉलेजातले स्नेही टिळक यांच्यासंगे १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे समाजसुधारणेवरून तीच मैत्री तुटली. रूढींवर टीका केली म्हणून लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५ साली ते वारले.

आपलेही लेकरू विद्यापीठात शिकत असेल. त्याच्या फीसाठी दावणीची म्हैस विकली असेल, तर आशा असणारच. तरी सुटीत ते घरी आले की नुसते “नोकरी कधी?” असे विचारू नका, मनात काय आहे, तेही विचारा. आणि मुलांनो, घरचे आशेवर बसले असताना गप्प राहू नका. कडू असले तरी वेळेवर सांगा.