अभ्र्यातलं तेल आणि ड्रायरची ऊब

ड्रायरमधून आत्ताच काढलेला उशीचा अभ्रा नाकाशी धरून बघा. नुसता धुतलेल्या सुताचा वास आला तर प्रश्न नाही. खवट वास आला, तर धुऊनही त्यात तेल राहिलंय असं समजा. तो घडी घालून कपाटात ठेवू नका, आणि पुन्हा ड्रायरमध्ये तर मुळीच टाकू नका.

पावसाळ्यात मुंबईत नि कोकणात डबल बेडची चादर वाळायला दोन-दोन दिवस लागतात, तरी कुबट वास जात नाही. म्हणून आता घरोघरी ड्रायर येऊ लागले आहेत. यंत्र आलं की आपण काळजी करतो ती कापडाची: चादर आटेल का, इलॅस्टिक सैल पडेल का. माझ्या मते मराठी घरात पहिली काळजी तेलाची करायला हवी. रात्री डोक्यावर तेल थापून झोपणारे आजोबा, गुडघ्यांना महानारायण तेल चोळून आडवी होणारी आजी, मालिशनंतर बाळाला गुंडाळायची दुपटी. आपल्या अंथरुणा-पांघरुणात रोज तेल मुरत असतं.

जवस, करडई, सूर्यफूल, तीळ यांची तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावतात. तेल खवट होतं ते यामुळेच, आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. बाटलीत हवा लागते ती वरच्या थराला. कापडात मात्र तेच तेल हजारो धाग्यांवर पातळ पसरलेलं असतं, त्यामुळे ऑक्सिजन त्याला सगळीकडून भिडतो. दोरीवरच्या चादरीतली ही ऊब वाऱ्याबरोबर निघून जाते. पण ड्रायरमधून तापून निघालेल्या चादरींचा ढीग पलंगावर टाकला, तर आतल्या घड्यांमध्ये ती अडकते. उष्णता वाढली की क्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की उष्णता आणखी वाढते. काही तासांनी, ड्रायर केव्हाच बंद झालेला असताना, ढिगाच्या पोटातून धूर निघू शकतो. मालिश केंद्रांच्या आणि हॉटेलांच्या लॉन्ड्रीत अशा आगी लागलेल्या आहेत. जवसाचं तेल यात सर्वांत वाईट. खोबरेलाचा धोका पुष्कळ कमी, पण केसांची आणि मालिशची तयार तेलं बहुधा मिश्रणं असतात, त्यामुळे बाटलीवर नारळाचं चित्र दिसलं म्हणून निर्धास्त राहू नये.

यात भर पडते आपल्या धुण्याच्या सवयीची. थंड पाणी, अर्ध्या तासाचा क्विक वॉश, बेताची पावडर. एवढ्याने धूळ निघते, तेल निघत नाही. ड्रायरसोबतच्या माहितीपुस्तिकेत मात्र स्पष्ट लिहिलेलं असतं की स्वयंपाकाचं किंवा इतर वनस्पती तेल लागलेले कपडे आधी गरम पाण्यात, जास्तीचा डिटर्जंट घालून धुवावेत. पांढरे सुती अभ्रे आणि दुपटी ६० अंशांवर धुवा. मान टेकते तिथला पिवळट पट्टा दिसतोच. त्यावर लिक्विड डिटर्जंट चोळून अर्धा तास तसंच राहू द्या. ६० अंशांत गादी-उशीतल्या धुळीचे माइट्सही मरतात, दमेकऱ्यांच्या घरात हा मोठाच फायदा. इतकं करूनही वास राहिला तर ते कापड दोरीवर किंवा पंख्याखाली वाळवा. दोन धुण्यांनंतरही गेला नाही, तर त्या अभ्र्याचं फडकं करायची वेळ झाली.

दुसरा धोका लिंटचा, म्हणजे जाळीवर साचणाऱ्या धाग्यांच्या मऊ भुग्याचा. तो काडी लावल्यावर कापसासारखा भुरकन पेटतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० च्या नोंदींवरून घरगुती ड्रायरच्या वर्षाला सुमारे २,९०० आगींचा अंदाज काढला, आणि त्यांचं सर्वांत मोठं कारण निघालं यंत्राची सफाई न करणं. लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात ऑगस्ट २०१६ मध्ये एका १८ मजली इमारतीला आग लागली तीही ड्रायरमुळेच. नवी सुती चादर पहिल्या काही धुण्यांत भरपूर लिंट सोडते, म्हणून जाळी दर खेपेला साफ करायची, आठवड्याने नव्हे.

चादरींची आणखी एक खोड म्हणजे त्यांचा बोळा होतो. इलॅस्टिकची चादर आपल्या कोपऱ्यात अभ्रे गिळून बसते. ड्रममधल्या धातूच्या दोन पट्ट्या कापडाचा ओलावा मोजतात, आणि बोळ्याची बाहेरची बाजू कोरडी लागली की यंत्राला वाटतं काम झालं. आत ओल तशीच. एका खेपेला दोनच चादरी घाला, रजईच्या खोळीची बटणं लावा, मधे एकदा सगळं बाहेर काढून झटका. धुणं-वाळवणं एकत्र करणाऱ्या यंत्राची वाळवायची क्षमता धुण्याच्या क्षमतेपेक्षा कमी असते, हेही विकत घेताना विचारून ठेवा.

लॅटेक्स किंवा मेमरी फोमची उशी, बाळाखालचं मेणकापड, रबरी पाठीची चादर यांना ड्रायरमध्ये जागा नाही. जाड गोधडी पाणी पिऊन इतकी जड होते की तिला गच्चीच बरी.

ड्रायरची शेवटची काही मिनिटं हीटरविना जातात. ड्रम फिरतो आणि कापड थंड होतं. चादर हाताला कोरडी लागली की लोक नेमकी हीच मिनिटं कापतात आणि तापलेला गठ्ठा तसाच सोडतात. मधेच वीज गेली तरी तेच घडतं: ड्रम थांबतो, गरम कापड बंद दारामागे अडकतं. अशा वेळी वीज यायची वाट बघू नका. दार उघडा, सगळं बाहेर काढा, पलंगावर, खुर्च्यांवर, मिळेल तिथे एकेरी पसरा, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय घडी घालू नका.