पालिकेचा वकील आणि त्याचा पक्षकार

महानगरपालिका ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असून स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करणे, करार करणे, दावा लावणे आणि दाव्याला उत्तर देणे या सर्व गोष्टी ती करू शकते. मात्र वकिलासमोर बसून आपले म्हणणे सांगेल अशी ती व्यक्ती नव्हे. ठराव करते सर्वसाधारण सभा, खर्चाला मंजुरी देते स्थायी समिती आणि अंमलबजावणी करतात राज्य शासनाने नेमलेले आयुक्त. या तिघांचे एकमत असतेच असे नाही, त्यामुळे पालिकेच्या वकिलाला प्रशासनाकडून सूचना मिळत असल्या, तरी आपला पक्षकार ही संस्था आहे, तिच्यातील एखादा अधिकारी वा सत्ताधारी गट नव्हे, याचे भान त्याला सतत ठेवावे लागते.

मुंबईसाठी १८८८ चा, राज्यातील इतर महानगरपालिकांसाठी १९४९ चा आणि नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी १९६५ चा असे वेगवेगळे अधिनियम आहेत, आणि बांधकामे व आरक्षणे यांसाठी १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम सर्वांनाच लागू आहे. मोठ्या महानगरपालिकांमध्ये पगारी विधी अधिकाऱ्यांचा विधी विभाग असतो आणि न्यायालयात उभे राहण्यासाठी पॅनलवरील, म्हणजे मान्यताप्राप्त यादीतील, वकील नेमले जातात. लहान नगरपरिषदेत मात्र मुख्याधिकाऱ्याला एखाद्या वकिलाच्या अभिप्रायावरच भिस्त ठेवावी लागते.

या कामाचा फार मोठा भाग अनधिकृत बांधकामांनी व्यापलेला आहे. पालिका नोटीस देते, बांधकाम करणारा न्यायालयात जाऊन मनाई हुकूम मागतो, आणि आपल्याला न ऐकता तो दिला जाऊ नये म्हणून पालिकेचा वकील आधीच कॅव्हेट, म्हणजे पूर्वसूचनेचा अर्ज, दाखल करून ठेवतो, ज्याची मुदत ९० दिवसांची असते. त्यानंतर तो संबंधित विभागाकडून परिच्छेदनिहाय अभिप्राय मागवतो, म्हणजे दाव्यातील प्रत्येक परिच्छेदावर विभागाचे काय म्हणणे आहे ते लेखी घेतो, आणि त्यावरून शपथपत्र तयार करतो. परंतु मूळ नोटिशीत बांधकामाचे वर्णन मोघम असेल किंवा आदेशात कारणेच दिलेली नसतील, तर कितीही कसलेला वकील शपथपत्रातून ती उणीव भरून काढू शकत नाही. मुंबईतील एका चित्रपटगृहाची परवानगी रद्द करण्याच्या गोरधनदास भानजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ सालीच सांगितले होते, की सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्यातील शब्दांवरूनच लावायचा असतो. अधिकाऱ्याने मागाहून दिलेल्या स्पष्टीकरणाने तो बदलत नाही. पालिकेचे खटले न्यायालयात कमी आणि नोटिशीच्या मसुद्यात जास्त हरले जातात असे म्हणणे त्यामुळे वावगे ठरणार नाही, आणि मसुदा निघण्यापूर्वीच वकिलाला विचारणारी पालिका दोन्हीकडचा त्रास वाचवते.

हाच मुद्दा मुंबईच्या पदपथवासीयांच्या, ओल्गा टेलिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात अधिक गंभीर रूपात पुढे आला. १८८८ च्या अधिनियमातील कलम ३१४ अन्वये रस्त्यावरील अतिक्रमण नोटीस न देताही हटवता येते. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी हे कलम वैध ठरवले, पण उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून, नोटीस टाळण्याची मुभा तातडीच्या प्रसंगापुरतीच आहे असा त्याचा अर्थ लावला आणि पावसाळ्याचा विचार करून ३१ ऑक्टोबरपर्यंत झोपड्या न हटवण्यास सांगितले. पालिकेचा अधिकार टिकला, तो वापरण्याची रीत मात्र बदलली. पुढे १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस, व्यक्तिगत सुनावणी आणि कारणांसह आदेश बंधनकारक केला, तसेच आदेशानंतरही १५ दिवसांची मुदत ठेवली. रस्ते, पदपथ, नदी वा जलाशय अशा सार्वजनिक जागांवरील अनधिकृत बांधकामे आणि न्यायालयानेच पाडण्याचा आदेश दिलेली बांधकामे यांना हे निर्देश लागू नाहीत. हा निर्णय देणाऱ्या पीठाचे प्रमुख न्यायमूर्ती भूषण गवई यांनी वकिलीच्या काळात नागपूर आणि अमरावती महानगरपालिकांची बाजू मांडली होती, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

आरक्षणांच्या बाबतीत शत्रू असतो तो काळ. विकास आराखड्यात मैदान, शाळा वा दवाखान्यासाठी राखून ठेवलेली खासगी जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर १९६६ च्या अधिनियमातील कलम १२७ प्रमाणे मालक खरेदी सूचना, म्हणजे जमीन घेण्याविषयीची नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप व्यपगत होते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची आणि नंतर बारा महिन्यांची होती. केवळ ठराव करणे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवणे म्हणजे पाऊल उचलणे नव्हे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये लावला. म्हणून अशी सूचना आवक विभागात आली त्याच दिवशी ती विधी विभागाकडे पोचणे अत्यावश्यक असते. ती नगररचना विभागाच्या फायलीत पडून राहिली, तर पुढच्या पिढ्यांचे मैदान कोणी जाणीवपूर्वक निर्णय न घेताच हातचे जाते, आणि अशी हानी पुढे कोणत्याही युक्तिवादाने भरून येत नाही.

याउलट काही खटले लढू नयेत असे सांगणे हेही वकिलाचेच काम असते. मध्य प्रदेशातील रतलाम नगरपालिकेला दंडाधिकाऱ्याने उघडी गटारे व घाण दूर करण्याचा आदेश दिला, तेव्हा पैसा नाही या कारणावर तिने सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद नेला. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते कारण साफ नाकारले आणि तोवर गटारांशेजारच्या रहिवाशांची वर्षे न्यायालयीन लढाईत गेली. अपील करू नये असा अभिप्राय देणे मात्र सोपे नसते, कारण अपील केले म्हणून अधिकाऱ्याला सहसा कोणी जाब विचारत नाही, न केल्यास संगनमताचा संशय घेतला जाऊ शकतो. म्हणून असा अभिप्राय कारणांसह आणि मुदतीच्या पुरेसा आधी लेखी दिला जावा लागतो, जेणेकरून तो मान्य करणाऱ्या आयुक्ताला किंवा मुख्याधिकाऱ्याला लेखापरीक्षणात त्याचा आधार दाखवता येईल.